शिट्टी वाजली की सहा तास: कार्प मॅचबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की रविवारी मला फोन करू नका, मी तळ्यावर मासे धरायच्या मॅचला असतो, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय. इंग्लंडात राहणारे आपले बरेच लोक शनिवार-रविवारी गळ टाकून बसतात हे मला माहीत होतं, पण मॅच खेळायची इच्छा असलेले एवढे असतील असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं वाचून. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: शेजारचे एक आजोबा मला त्यांच्या मॅचला घेऊन गेले होते. तळ्याकाठी तीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात ही एवढी लांब काठी, शिट्टी वाजली आणि सगळे एकदम सुरू झाले. संध्याकाळी मासे वजन करून परत पाण्यात सोडले. मजा आली पण कळलं काहीच नाही. हे नक्की असतं काय? (एक वाचक, लेस्टर)

मजा आली ना, मग बाकीचं कळेल हळूहळू. तुम्ही गेलात ते कमर्शियल लेक, म्हणजे मुद्दाम खणलेलं, मालकीचं तळं, त्यात कार्प जातीचे मासे भरपूर सोडलेले असतात आणि तुम्ही दिवसाचे पैसे भरून मासे धरायचे. पूर्वी इथल्या मॅच नद्यांवर आणि कॅनॉलवर व्हायच्या, ट्रेंट, सेव्हर्न, विदॅम असल्या नद्यांवर लोक रांगेनं बसायचे आणि रोच, ब्रीम असे मासे धरायचे. १९८० नंतर आणि खास करून नव्वदच्या दशकात बऱ्याच शेतकऱ्यांनी शेतात तळी खणून हा जोडधंदा सुरू केला आणि मॅच खेळणारा मोठा वर्ग तिकडं वळला. कारण सरळ आहे, नदीला पूर आला की दिवस वाया जातो, शिवाय इंग्लंडमधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून असली मासेमारी बंद असते, तळ्यांवर मात्र बहुतेक ठिकाणी बारा महिने चालते. आणि खरं सांगायचं तर पाच-सात पौंडाचा कार्प गळाला लागल्यावर जे होतं ना, ते बोटभर रोचला होत नाही. जुने लोक नदीच खरी म्हणतात, त्यांचं प्रेम मला समजतं, पण मी तळ्यावरच शिकलो.

मॅचची पद्धत अशी. सकाळी सगळे जमतात, पैसे भरतात, मग ड्रॉ होतो, म्हणजे पिशवीत हात घालून एक नंबर काढायचा, तो तुमचा पेग, बसायची जागा. ती जागा बदलता येत नाही, तिथं मासे असोत नसोत. दीड-दोन तास सामान लावायला मिळतात, मग शिट्टी किंवा "ऑल इन" अशी हाक, आणि तिथून पाच किंवा सहा तास. धरलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत, कीपनेटमध्ये ठेवायचे, शेवटची शिट्टी झाली की काटा घेऊन माणसं एकेका पेगवर येतात, वजन करतात आणि मासे लगेच परत पाण्यात. ज्याचं एकूण वजन जास्त तो पहिला, संख्या कितीही असो. वजन अजूनही पौंड आणि औंसातच होतं. उन्हाळ्यात चांगल्या तळ्यावर जिंकायला १०० पौंड, म्हणजे ४५ किलोच्या वर लागतात आणि २०० पौंड झाले तरी कुणी फार आश्चर्य करत नाही.

एक गोष्ट आजोबांनी सांगितली नसेल तर सांगतो, तळं सेक्शनमध्ये वाटलेलं असतं आणि प्रत्येक सेक्शनच्या पहिल्यालाही पैसे मिळतात. त्यामुळं ड्रॉ वाईट आला तरी रडायचं नाही, आजूबाजूच्या आठ-दहा जणांना हरवायचं एवढंच डोक्यात ठेवायचं.

प्रश्न: माझ्याकडे एक फीडर रॉड आहे. क्लबातले म्हणतात १६ मीटरचा पोल घेतल्याशिवाय मॅचला येऊच नकोस. किमती बघून डोळे पांढरे झाले. खरंच लागतो का? (एक वाचक, कॉव्हेंट्री)

नाही लागत. आधी हे ठाम सांगतो मग बाकीचं.

पोल म्हणजे कार्बनची जोडजोडून लांब होणारी काठी, तिला रीळ नसतं, टोकाच्या दोन-तीन भागांच्या आतून इलॅस्टिक गेलेलं असतं आणि त्याला दोरा, फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण), गळ. मासा लागला की इलॅस्टिक ताणत जातं, तुम्ही काठी रोलरवरून मागं सरकवत आणायची, टोकाचा भाग सुटा करायचा आणि खालच्या पुलरमधून इलॅस्टिक हातानं ओढून घेत मासा लँडिंग नेटमध्ये, दांड्याच्या जाळीत, घ्यायचा. याचा फायदा एकच पण फार मोठा: आमिष दर वेळी अगदी त्याच जागी, तळहाताएवढ्या जागेत ठेवता येतं आणि छोट्या कपातून खाणंही त्याच्या डोक्यावरच टाकता येतं. वरच्या दर्जाचा १६ मीटरचा पोल हजारो पौंडांना जातो हे खरं, पण बऱ्याच तळ्यांवर १३ किंवा १४.५ मीटरची मर्यादाच असते आणि मी तर म्हणतो उन्हाळ्यातले निम्मे मासे ६ मीटरच्या आत धरले जातात. जुना, वापरलेला, ११ मीटरचा मजबूत पोल घ्या, त्याला दोन-तीन जादा टॉप किट, म्हणजे इलॅस्टिकवाले टोकाचे भाग, मिळाले तर बघा, आणि उरलेले पैसे बसायच्या चांगल्या सीट बॉक्सवर घाला कारण सहा तास कंबर धरली की हात चालत नाहीत.

तुमचा फीडर रॉड तर हवाच आहे. मेथड फीडर म्हणजे चपटा, वजनाचा पिंजरा, त्यावर भिजवलेले २ मिलिमीटरचे पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याच्या बारीक गोळ्या, दाबून बसवायचे आणि जेमतेम ४ इंचाच्या दोऱ्यावर गळ त्यातच लपवायचा. कार्प ते पेलेट खायला येतो आणि फीडरच्या वजनानं स्वतःच अडकतो. फक्त एक बघा, फीडर दोऱ्यावर मोकळा सरकणारा हवा, पक्का बांधलेला बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि चालूही नये, दोरा तुटला तर माशाला ते ओझं घेऊन फिरावं लागतं. तसंच गळाचा दोरा मुख्य दोऱ्यापेक्षा नेहमी बारीक ठेवायचा, म्हणजे तुटलाच तर तिथंच तुटेल. गळ बिनकाट्याचा, बार्बलेस, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. आणि जुन्या डब्यात कुणी दिलेली शिशाची वजनं असतील तर ती बाजूला काढा, ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर इथं १९८७ पासून बंदी आहे, हंस ती गिळून मरायचे.

पोल घेतलात तर विजेच्या तारांची गोष्ट विसरू नका. कार्बनमधून वीज जाते. डोक्यावर तारा असतील तर त्यांच्यापासून किमान ३० मीटर लांब राहायचं, आणि पेगवरून गाडीकडे जातानासुद्धा काठी जोडलेली, उभी धरून चालायचं नाही. गडगडायला लागलं की काठी खाली ठेवून काठापासून दूर व्हायचं, मॅच जिंकत असलात तरी.

प्रश्न: वर्षभर क्लबच्या मॅच खेळतोय. पहिल्या तासात मी नेहमी पुढं असतो, ३० पौंड होतात, मग दोन-अडीच तास काहीच नाही, आणि शेवटी तेच दोन-तीन लोक ८०-९० करून जिंकतात. आमिष तेच, तळं तेच. माझं काय चुकतंय? (एक वाचक, वॉरिंग्टन)

हे पत्र मी तीनदा वाचलं कारण सगळी मॅच याच प्रश्नात आहे. तुमचं मासे धरणं चुकत नाहीये, खायला घालणं चुकतंय.

तुम्ही लिहिलंय की सुरुवातीलाच १३ मीटरवर दोन मोठे कप भरून पेलेट टाकता आणि तिथंच बसून राहता. काय होतं बघा. त्या जागी जवळपास असलेले कार्प येतात, तुम्ही आठ-दहा धरता, प्रत्येक मासा पाण्यात धडपडत जातो, बाकीचे बिचकतात आणि मागं सरकतात, खाणं मात्र तळाला तसंच पडून राहतं. आता तुम्ही काय करता, अजून एक कप टाकता. तिथं मासेच नाहीत तर कप कुणासाठी.

जिंकणारे लोक काय करतात तेही तुम्ही लिहिलंय, फक्त तुमचं लक्ष तिकडं गेलेलं नाही: "शेजारचा पहिले दोन तास फीडर टाकून बसतो आणि हातानं समोर पेलेट फेकत राहतो." तो समोर पेलेट फेकतो ना, ती त्याची दुपार आहे. सुरुवातीला तो लांब, २५-३० मीटरवर फीडरवर मिळेल ते घेतो, कारण सकाळी काठावर माणसांची वर्दळ, सामानाचे आवाज, त्यामुळं मासे लांबच असतात. पण पहिल्या मिनिटापासून ५-६ मीटरवर दर मिनिटाला सहा-आठ पेलेट, हार्ड, ६ किंवा ८ मिलिमीटरचे, फेकत राहतो आणि त्या जागेला गळ लावतच नाही. कार्पच्या जातीच्या माशांना ऐकू फार चांगलं येतं, त्यांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळीच असते, आपले रोहू-कटलाही त्याच कुळातले. पेलेट पाण्यावर टप टप पडतात तो आवाज म्हणजे जेवणाची घंटा. दोन तास कुणी त्रास न देता खायला मिळालं की मासे तिथं निर्धास्त होतात, आणि मग तो फीडर ठेवून पोल उचलतो.

आणखी एक गोष्ट माहीत असली तर खाणं किती घालायचं याची भीती जाते. कार्पला आपल्यासारखं जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. त्यामुळं उबदार पाण्यात तो पोट भरलं म्हणून थांबत नाही, थोडं थोडं सारखं खातच असतो. म्हणून उन्हाळ्यात खाणं थांबवायचं नाही. पण एकदम ढीगही नाही, हातानं थोडं, सतत.

मग शेवटचे दोन तास, मार्जिन, म्हणजे अगदी काठ. तुमच्या डाव्या-उजव्या हाताला काठापासून हातभर अंतरावर दीड ते दोन-अडीच फूट खोल आणि सपाट जागा शोधायची, प्लमेट, म्हणजे खोली मोजायचं छोटं वजन, लावून सकाळीच खोली मोजून ठेवायची आणि त्या मापाचा फ्लोट तयार करून बाजूला ठेवायचा. दुपारी वर्दळ थांबते, काठाचं पाणी तापलेलं असतं, आणि मोठे कार्प तिथं खायला येतात, शेपटीची टोकं दिसतात, तळाचा गाळ ढवळून पाणी लाल-तपकिरी होतं. पण इथं पद्धत उलटी. इथं सारखं थोडं थोडं फेकायचं नाही. एक मोठा कप, पेलेट, मका, मेलेले मॅगट (माशीच्या अळ्या), काहीही, एकदम टाकायचा आणि पाच-दहा मिनिटं हात बांधून बसायचं. मला माहितीये हे किती अवघड आहे. शेपूट दिसते आणि हात शिवशिवतात. तरी थांबायचं, आधी एकच मासा येतो, त्याला लगेच उचललं तर मागून येणारे चार परत जातात. मासे डोकं खाली घालून खायला लागले की गळ टाकायचा, एक-दोन धरायचे, परत कप.

फ्लोट हलतो, तुम्ही ओढता आणि हातात नुसता खवला येतो असं होत असेल तर मासे कमी नाहीत, खाण्याची पद्धत चुकतेय. मासे तळावरून वर उठलेत आणि पडणाऱ्या पेलेटच्या मागं पाण्यात मध्येच फिरतायत, त्यांच्या अंगाला दोरा घासतो. मग एकतर फेकणं कमी करा आणि कपानं तळावरच टाका, नाहीतर सरळ दोरा आखूड करून वरच्या पाण्यातच धरा. मासे पृष्ठभागाजवळ आरामात फिरताना दिसले तर लांब पोलनं त्यांच्या तोंडापुढं आमिष ठेवायचं, याला इथं मगिंग म्हणतात, बिनआवाज, बिनखाण्याचं काम, पण एकेक मासा मोठा मिळतो.

मी हे एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून शिकलो, शेजारच्या पेगवर होते. तीन तास झाले तेव्हा माझे चाळीसेक पौंड, त्यांचे जेमतेम दहा, मला त्यांची कीव यायला लागली होती. मॅच संपली तेव्हा ते माझ्यापेक्षा ३५ पौंडांनी पुढं. वजन झाल्यावर मी जाऊन विचारलं तर म्हणाले, मी तीन तास फक्त घर सजवत होतो, पाहुणे नंतर येणारच होते. पुढच्या मॅचला मी पहिले दोन तास समोरच्या जागेला हात लावला नाही, सेक्शन जिंकला. तुम्हीही एवढंच करून बघा, बाकी काही बदलू नका, गळ नाही, आमिष नाही.

प्रश्न: ऑक्टोबरनंतर माझ्या मॅच कोरड्या जातात. कार्प झोपतात का? (एक वाचक, डॉनकॅस्टर)

झोपत नाहीत, मंदावतात. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार, पाणी उतरलं की पचन उतरतं आणि मग दिवसभरात त्याला फारच थोडं लागतं. वर उन्हाळ्याचं जे सांगितलं ते सगळं हिवाळ्यात उलटं करा. हातभर पेलेट फेकायचे नाहीत, चिमूटभर. डॉबिंग करून बघा, गळावर ब्रेडचा पंच केलेला छोटा गोल तुकडा, खाणं अजिबात टाकायचं नाही, आणि पोलनं बेटाच्या कडेला, झुडपांपाशी, दर दोन-चार मिनिटांनी जागा आणि खोली बदलत मासे शोधायचे. ते थंडीत एकत्र गोळा होऊन उभे असतात, एक सापडला की जवळच बाकीचे. तुमच्या तळ्यात एफवन असतील तर तुमचं नशीब, हा कार्पचा संकर आहे, लहान चणीचा, गार पाण्यातही खात राहतो, फक्त चावा इतका हलका की फ्लोट बारीक आणि टोक पाण्यावर ठिपक्याएवढंच ठेवावं लागतं. दोन-तीन मॅगट कपात टाकून वर एक गळाला, हिवाळ्यात २० पौंडही सेक्शन काढून देतात.

प्रश्न: परवा माझ्या दोन जाळ्यांपैकी एकीत ६३ पौंड भरले. तळ्याचा नियम जाळीमागे ५० चा, त्यामुळे वरचे १३ पौंड धरलेच नाहीत आणि मी दुसऱ्याचा चौथा झालो. मासे तर मीच धरले होते ना? हा अन्याय नाही का? (एक वाचक, स्टॅफर्डशर)

राग समजतो, माझंही एकदा असंच झालंय, अकरा पौंड गेले आणि चार पौंडांनी सेक्शन गेला, घरी येईपर्यंत कुणाशी बोललो नाही. पण अन्याय नाही हो. ती मर्यादा तुमच्यासाठी नाही, माशांसाठी आहे. उन्हाळ्यात पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, आणि एका जाळीत दाटीवाटीनं कार्प कोंबले की ते एकमेकांवर घासतात, खवले जातात, गुदमरतात. बरीच तळी कडक उन्हाळ्यात मर्यादा आणखी खाली आणतात किंवा कीपनेटच बंद ठेवतात, मला ते पटतं. मर्यादा प्रत्येक तळ्याची वेगळी, सकाळी विचारून घ्यायची.

उपाय साधा आहे. प्रत्येक जाळीसाठी एक क्लिकर, मोजणी यंत्र, सीट बॉक्सला अडकवा आणि मासा जाळीत टाकला की त्याचं अंदाजे वजन पौंडात दाबा, चार पौंडाचा तर चार वेळा. आपण सगळेच अंदाज कमी धरतो, त्यामुळं ५० ची मर्यादा असेल तर ४० ला जाळी बदला. मासे जाळीत वरून फेकू नका, लँडिंग नेटनं पाण्यातच सोडा. आणि कार्प एका जाळीत, बारीक चंदेरी मासे दुसऱ्या जाळीत, असा नियम असेल तर तोही पाळा.

जाळ्यांवरूनच एक सांगून ठेवतो. तळ्यावर पोचल्यावर जाळ्या औषधाच्या टाकीत बुडवायला सांगतात किंवा तळ्याच्याच जाळ्या वापरायला लावतात, त्याला कटकट म्हणू नका. कोई हर्पीस व्हायरस नावाचा कार्पचा रोग आहे, २००७ पासून ब्रिटनमध्ये तो दिसला तर सरकारला कळवावंच लागतं, पाणी १६ अंशांच्या वर गेलं की भडकतो आणि तळंच्या तळं मरतं. माणसाला काही होत नाही. घरी गेल्यावर जाळ्या पूर्ण वाळवा, ओल्याच पिशवीत आठवडाभर ठेवू नका.

प्रश्न: सासरे आलेत, त्यांना घेऊन तळ्यावर गेले होते. त्यांचं म्हणणं एवढा मोठा मासा धरून परत सोडायचा तर धरायचा कशाला, एक घरी नेऊ. नेता येतो का? (एक वाचक भगिनी, वूस्टर)

नाही नेता येत. तळं खासगी, मासे मालकाचे, विचारल्याशिवाय नेला तर ती चोरी धरतात. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की तोच मासा वर्षानुवर्षं जगतो, वाढतो, शेकडो माणसांना आनंद देतो, मालकाचं सगळं गणित त्या जिवंत माशावर चालतं.

प्रश्न: माझी मुलगी विचारते, बाबा, माशाला दुखत नाही का? मला उत्तर देता आलं नाही. (एक वाचक, सॉलिहल)

तिला खोटं सांगू नका. त्याला ताण होतो, तो घाबरतो, पळायला बघतो, हे आपल्या डोळ्यांना दिसतं. मी स्वतः यावर पुष्कळ विचार केलाय आणि मासेमारी सोडलेली नाही, पण काही गोष्टी कधीच सोडत नाही. हात ओले केल्याशिवाय माशाला हात लावत नाही, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला जखमा होतात. गळ डिसगॉर्जरनं (गळ काढायच्या छोट्या हत्यारानं), पाण्याजवळ, काही सेकंदांत काढतो. बारीक दोऱ्यावर मोठा मासा उगाच पंधरा मिनिटं खेळवत नाही, त्यापेक्षा मजबूत इलॅस्टिक. आणि वजन करताना माझे मासे आधी पाण्यात जातात, मग मी आकडा विचारतो. तुमच्या मुलीला एकदा वजनाच्या वेळी घेऊन या, कार्प शेपटी मारून कसा निघून जातो ते तिला बघू दे, मग तिचं जे मत होईल ते तिचं.

प्रश्न: टीव्हीवर फिश ओ मॅनिया बघितलं. यात पैसे मिळवता येतात का? कुठं खेळायला जावं? (दोन-तीन पत्रं)

फिश ओ मॅनिया १९९४ पासून चालतंय, देशभरच्या तळ्यांवर पात्रता मॅच होतात आणि त्यातून १६ जण फायनलला जातात, पहिलं बक्षीस ५०,००० पौंडांपर्यंत गेलंय. जेमी ह्यूज यांनी ती तीनदा जिंकलीये, आणि त्यांचं फीडिंग बघायला मी फायनल परत परत बघतो. पण पोटापाण्याचं म्हणाल तर नाही, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच लोक यावर जगतात आणि तेही सामान बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर काम करून. बाकी आम्ही सगळे आठवडाभर नोकरी करणारे.

जागा म्हणाल तर डॉनकॅस्टरकडे हेफील्ड लेक्स आणि लिंडहोम, वॉरिंग्टनजवळ पार्ट्रिज, वॉरिकशरमध्ये टनेल बार्न फार्म, सॉलिहलजवळ बार्स्टन, वूस्टरशरमध्ये लारफर्ड, सॉमरसेटमध्ये व्हायाडक्ट. आठवडाभराची सुट्टी काढता आली तर कॉर्नवॉलचं व्हाइट एकर्स, तिथं बरीच तळी आहेत आणि आठवडाभर चालणारे फेस्टिव्हल होतात, रोज वेगळा पेग, वेगळे शेजारी, घरचे बरोबर असले तर त्यांनाही समुद्र जवळ. पण सुरुवात मोठ्या ओपन, म्हणजे सगळ्यांना खुल्या, मॅचनं करू नका. जवळच्या तळ्याचा क्लब शोधा, तिथल्या मॅचमध्ये माणसं शिकवतात.

प्रश्न: मी १४ वर्षांचा आहे. मला मॅच खेळायची आहे. आई म्हणते लायसन्स लागतं. खरं का? (एक छोटा वाचक, वॉरिक)

आई बरोबर सांगतेय. इंग्लंडमध्ये १३ वर्षं पूर्ण झाली की रॉड लायसन्स लागतं, खासगी तळं असलं तरी लागतं, आणि नसेल तर दंड २,५०० पौंडांपर्यंत होऊ शकतो. पण तुझ्यासाठी चांगली बातमी अशी की १३ ते १६ वयाला ते फुकट आहे, फक्त काढावं लागतं, सरकारी वेबसाईटवर आईबरोबर बसून दहा मिनिटांत होतं. बऱ्याच क्लबांत मुलांच्या वेगळ्या मॅच असतात, तीन-चार तासांच्या. एक छोटा ४-५ मीटरचा व्हिप (बिनइलॅस्टिकची, बिनरिळाची काठी) किंवा बाबांचा फीडर रॉड, एक डबा मॅगट, लँडिंग नेट आणि टोपी घेऊन जा. लायसन्स फोनमध्ये ठेव, काठावर तपासायला येतात. आणि पहिल्या मॅचचं वजन मला नक्की कळव, दोन औंस असलं तरी.